वाइनरीतील चाखणी : द्राक्ष बागायतदाराने काय शिकावे?

(द्राक्ष बागायतदारांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गहू पिकविणारा शेतकरी आपल्या गव्हाची पोळी खातो. ऊस लावणारा गुऱ्हाळावर जाऊन रस आणि गूळ चाखतो. पण वाईनची द्राक्षे लावणारे कितीतरी बागायतदार असे आहेत की, त्यांच्या द्राक्षापासून काय तयार झाले, ते बरे झाले की वाईट, हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. गाडी वाइनरीच्या फाटकातून आत गेली, वजन झाले, पावती हाती आली, की संबंध संपला. पुढच्या वर्षी माल कमी दराने घेतला किंवा परत पाठविला, तर त्याचे कारणही त्यांना समजत नाही. म्हणून आज मी लहान वाइनरींना भेट देण्याविषयी आणि तेथे गटाने बसून वाईन चाखण्याविषयी बोलणार आहे.

प्रथमच एक खुलासा करतो. हे व्याख्यान मद्यपानाचा प्रचार करण्यासाठी नाही. चाखणे आणि पिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणकार परीक्षक घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात, त्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेले असते. ज्यांना तोंडाला लावायचे नाही त्यांनी फक्त वास घ्यावा, निम्मी परीक्षा नाकानेच होते. घरी विनापरवाना वाईन तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

थोडी पार्श्वभूमी

आपल्या राज्यात १९८० च्या दशकात नारायणगाव परिसरात आधुनिक पद्धतीने वाईननिर्मिती सुरू झाली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाईनच्या जातींची लागवड झाली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केले, अबकारी करात सवलत दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभारण्याचे ठरविले. त्यानंतर दिंडोरी, निफाड, इगतपुरी या भागांत अनेक लहान वाइनरी निघाल्या, त्यांतील काही शेतकऱ्यांनीच काढलेल्या होत्या.

मात्र २००८ च्या जागतिक मंदीत आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधील मुंबई हल्ल्यानंतर खप घटला. टाक्या भरलेल्या राहिल्या, नवीन माल घ्यायला जागा नव्हती. २००९ व २०१० या काळात अनेकांनी वाईनच्या बागा काढून टाकल्या. यातील धडा असा की, थॉमसन सीडलेसचा भाव पडला तर बेदाणा करता येतो. कॅबर्ने सोव्हिन्याँचे मणी बारीक, बियांचे व जाड सालीचे असतात. ते बाजारात कोणी खायला घेत नाही. दुसरी बाजारपेठ नसलेले पीक लावताना घेणाऱ्याची परीक्षा आपणच केली पाहिजे.

भेट केव्हा व कशी द्यावी?

नाशिक भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारणपणे जानेवारी ते मार्चमध्ये चालते. भेटीस हाच काळ उत्तम, कारण काढणी, दाबणी आणि आंबवण ही सर्व कामे चालू दिसतात. दहा-पंधरा जणांचा गट करावा, आधी कळवून जावे आणि दिवसाला दोनपेक्षा अधिक वाइनरी घेऊ नयेत. लहान वाइनरीत मालक किंवा वाईन तयार करणारा स्वतः भेटतो आणि प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरे देतो. हा मोठा फायदा आहे. गाडी चालविणाऱ्याने मात्र घोटही घेऊ नये.

पांढरी वाईन करताना द्राक्षे दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात आणि कमी तापमानात, सुमारे १२ ते १८ अंश सेल्सिअसला, आंबवतात. लाल वाईनचा रस सालीसकट २४ ते ३० अंशांना आंबवतात, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. म्हणूनच वाईनला बारीक मणी हवा, रसाच्या मानाने साल अधिक मिळते. खाण्याच्या द्राक्षात आपण जी.ए. वापरून मणी फुगवतो, येथे ते उलट ठरते.

चाखण्याची रीत

पान, तंबाखू, विडी आणि तिखट खाणे तासभर आधी बंद ठेवावे. अत्तर लावू नये. प्रथम पांढरी, मग लाल, आणि हलकीकडून भारीकडे असा क्रम ठेवावा. एका बैठकीत पाच-सहा नमुने पुरेत. पेला पाऊण रिकामा असावा. आधी रंग व स्वच्छता पाहावी, पेला फिरवून वास घ्यावा, मग लहान घोट तोंडात खेळवावा. प्रत्येकाने आपले मत आधी वहीत लिहावे आणि नंतरच बोलावे. नाहीतर वडीलधारा जे म्हणेल तेच सगळे म्हणतात.

अशा बैठकीत मुंबई-पुण्याचे हौशी रसिकही येतात. त्यांनी परदेशी फळांची नावे घेतली म्हणून बिचकण्याचे कारण नाही. आपल्या नाकाला ओळखीचे वास पुष्कळ आहेत. शेनिन ब्लाँमध्ये पेरू किंवा अननस, सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये ओले गवत व हिरवी सिमला मिरची, शिराझमध्ये काळी मिरी आणि पिकलेले जांभूळ सापडते. रसिकांकडून नावे शिकावीत आणि त्यांना बागेतील कारणे सांगावीत. दोघांचाही लाभ होतो.

पेल्यातील दोष, बागेतील कारणे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पेल्यातील बरेच दोष बागेत किंवा वाटेत सुरू झालेले असतात.

१) सडक्या अंड्याचा वास : भुरीसाठी काढणीच्या जवळ गंधक मारले आणि ते मण्यांवर राहिले, तर आंबवणीत त्यापासून हायड्रोजन सल्फाईड तयार होऊ शकतो. शेवटच्या फवारणीनंतर पुरेसे दिवस जाऊ द्यावेत. वाइनरीने दिलेले वेळापत्रक पाळावे.

२) कॅबर्नेमध्ये हिरव्या सिमला मिरचीचा उग्र वास, कच्चा तुरटपणा : घड पुरते पिकले नाहीत, किंवा दाट पानांमुळे घडांना ऊन मिळाले नाही. फुटव्यांची विरळणी वेळेवर करावी. बी फोडून पाहावे. ती तपकिरी व कुरकुरीत असली म्हणजे पक्वता आली.

३) पाणचट चव : एकरी उत्पन्नाचा हव्यास व काढणीपूर्वी जास्त पाणी. खाण्याच्या द्राक्षाचा हिशेब येथे लावू नये.

४) सपक चव, लाल वाईनचा फिका व विटका रंग : आम्लता कमी, सामू जास्त. पालाश गरजेपेक्षा अधिक दिल्यास रसाचा सामू वाढतो. देठ परीक्षण करूनच खत द्यावे.

५) शिरक्याचा वास : फुटलेले, कुजलेले मणी, किंवा उन्हात उभी राहिलेली गाडी. काढणी पहाटे करावी, उथळ क्रेट वापरावेत आणि माल त्याच सकाळी पोचवावा.

साखरेचा हिशेबही समजून घ्यावा. रसाचा ब्रिक्स साधारण ०.५५ ने गुणला की वाईनमधील मद्यार्काचे शेकडा प्रमाण अंदाजे मिळते. २२ ब्रिक्सला सुमारे १२ टक्के. म्हणून वाइनरी २२ ते २४ ब्रिक्स मागते. पण साखर वाढताना आम्ल घटते, तेव्हा एकट्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नये.

करारापूर्वी विचारावयाचे प्रश्न

चाखणी झाल्यावर कार्यालयात बसून हे विचारावे : ब्रिक्स कोठे व कोणासमोर मोजणार? माल नाकारण्याची कारणे लेखी आहेत काय? काढणीची तारीख कोण ठरविणार, आणि त्यांनी उशीर केल्यास घटीचे नुकसान कोणाचे? पैसे किती दिवसांत मिळतील? मागील हंगामाची किती वाईन टाक्यांत शिल्लक आहे? हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा. आपल्या भागातील ज्यांनी तेथे माल घातला आहे अशा दोन शेतकऱ्यांनाही भेटावे.

बागेचे आयुष्य पंधरा वर्षांचे, करार मात्र थोड्या वर्षांचा असतो. ज्याला आपल्या मालाचा गुणदोष पेल्यात ओळखता येतो, त्याला दर ठरविताना गप्प बसावे लागत नाही. येत्या काढणीत आपापल्या गावचा गट करून एक तरी वाइनरी पाहावी, वही बरोबर न्यावी आणि आलेल्या शंका आमच्याकडे अवश्य कळवाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.