टेलिफोनच्या डबीचा रोजनामचा

(शाळेच्या विज्ञान मंडळात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



विज्ञान मंडळात बोलायचे म्हणजे अवकाशयान किंवा अणुशक्ती असा एखादा भारदस्त विषय निवडण्याची रीत आहे. मी मात्र आमच्या कार्यालयात टेलिफोनशेजारी पडलेल्या तळहाताएवढ्या एका डबीविषयी बोलणार आहे. या डबीपायी एका गरीब माणसावर आळ आला, आणि तो आळ घेणाऱ्यांत मीही होतो.

मार्चमधल्या एका दुपारी अडावदच्या एका मुलीला वर्गात ताप भरला. आम्ही तिला गावच्याच एका बाईंबरोबर घरी पाठवले. इकडे तिच्या अम्मीला नुसते "मुलगी आजारी आहे" एवढेच कळले. त्यांनी कार्यालयात तीन वेळा फोन लावला, कोणी उचलला नाही. शेवटी भर उन्हात एस. टी.ने चोपड्याला आल्या, तेव्हा मुलगी केव्हाच घरी पोचली होती. कार्यालयात उभ्या राहून त्या जे बोलल्या ते आम्ही मान खाली घालून ऐकले. दुपारी तेथे आमचे शिपाईचाचा बसतात. चाचा रिसीव्हर काढून ठेवतात आणि डुलकी घेतात, असे सर्वांनी ठरवून टाकले. चाचा म्हणाले, "सर, रिसीव्हर जागेवरच होता." त्यांचे कोण ऐकतो!

आता ही डबी काय करते ते पाहू. आपल्या देशात 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेटवरून बोलण्याला, काही मर्यादा घालून का होईना, रीतसर परवानगी मिळाली. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनला इंटरनेटची भाषा कळत नाही. ही डबी, म्हणजे अ‍ॅडाप्टर, आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून त्याच्या लहान लहान पुड्या रवाना करते आणि आलेल्या पुड्यांचा पुन्हा आवाज करते. आपण काय काय केले याची नोंदही ती ठेवते: रिसीव्हर उचलला, ठेवला, बाहेरून कॉल आला, केंद्राकडे नाव नोंदवले. पण तिची स्मरणशक्ती तोकडी. वीज गेली की सारे पुसले जाते, आणि चोपड्यात वीज जाते हे मी आपणांस सांगायला नको. म्हणून नोंद होताच ती दुसऱ्या संगणकाकडे पाठवण्याची सोय डबीत असते. तिला सिसलॉग म्हणतात. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी 1980 नंतरच्या दशकात आपल्या टपालाच्या कार्यक्रमासाठी, म्हणजे सेंडमेलसाठी, ही पद्धत काढली. पुढे ती जगभर पसरली, आणि तिची रीत कागदावर मात्र 2001 मध्ये उतरली.

मी डबीच्या पानावर संगणकाचा पत्ता भरला आणि वाट पाहत बसलो. दोन दिवसांत एक ओळ आली नाही.

असे का व्हावे? या नोंदी यूडीपी नावाच्या रीतीने जातात, आणि ती रीत साध्या पोस्टकार्डासारखी आहे. पेटीत टाकले की टाकणाऱ्याचे काम संपले, पोचपावती नाही. कार्ड हरवले तरी डबीला कळत नाही आणि ती तक्रारही करीत नाही. त्यामुळे कार्ड कोठे अडले हे आपणच वाटेवरच्या एकेका ठिकाणी उभे राहून पाहावे लागते.

पहिला दोष माझाच निघाला. नोंदींना 0 ते 7 अशा आठ पायऱ्या असतात; 0 म्हणजे हाहाकार, 7 म्हणजे बारीकसारीक तपशील. डबीत पत्ता भरला, पण किती पायरीपर्यंत लिहायचे ते "काहीच नको" असेच राहिले होते. ते बदलून डबी बंद करून चालू केली. तरीही काही नाही. मग संगणकाकडे वळलो. आमच्या संगणकावर लिनक्स आहे. त्यातील नोंदी घेणारा कार्यक्रम आपल्या घरच्या नोंदी लिहितो, परंतु बाहेरच्या घ्यायच्या असतील तर 514 क्रमांकाचे दार त्याला मुद्दाम उघडायला सांगावे लागते. सांगितले. तरीही वही कोरीच!

येथे संगणक मंडळाच्या नववीतल्या मुलांनी एक चांगली गोष्ट केली. तारेवरून येणाऱ्या पुड्या पाहण्याचा टीसीपीडम्प नावाचा कार्यक्रम त्यांनी चालवला. डबीच्या नोंदी संगणकापर्यंत येत होत्या! म्हणजे डबी निर्दोष, वाट निर्दोष. आत शिरताना पहारेकरी, अर्थात फायरवॉल, त्यांना अडवत होता. टीसीपीडम्प या पहारेकऱ्याच्या अलीकडेच पाहतो, म्हणून त्याला दिसते आणि वहीला दिसत नाही. आम्ही 514 चे दार फक्त डबीच्या पत्त्यापुरते उघडे केले. लगेच ओळी धावू लागल्या.

पहिल्या ओळीच्या आरंभी कोनी कंसात 134 हा आकडा होता. विद्यार्थी मित्रांनो, याला 8 ने भागा. भागाकार 16, बाकी 6. भागाकार नोंद कोणत्या खात्याची ते सांगतो, आणि बाकी ती कोणत्या पायरीची. सहावी पायरी म्हणजे साधी माहिती. भागाकार-बाकी कुठे उपयोगी पडते असे विचारणाऱ्यांसाठी हे सांगितले.

दोन दिवसांनी वीज गेली, आणि ती आल्यावर नोंदी पुन्हा बंद. राउटरने संगणकाला नवा पत्ता देऊन टाकला होता, आणि डबी जुन्या पत्त्यावर कार्डे टाकत बसली होती. संगणकाचा पत्ता राउटरमध्ये कायम राखून ठेवला. शिवाय दुपारी कोणी वापरत नसेल तर संगणक स्वतःच झोपी जात असे. झोपेचा आळ चाचांवर होता. झोपत होता तो संगणक! तेही बंद केले. डबीचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर होते, म्हणून दुपारी 2 वाजून 10 मिनिटांची नोंद 8 वाजून 40 मिनिटांची दिसे. साडेपाच तासांचा हा फरक ध्यानात न घेता एखाद्यावर ठपका ठेवला असता तर काय झाले असते, कल्पना करा.

मग खरा तपास. दुपारी मी मोबाइलवरून कार्यालयाला फोन लावला. घंटा नाही, आणि वहीतही काही नाही. पण वहीत नोंद नाही याचे दोन अर्थ होतात: कॉल डबीपर्यंत आलाच नाही, किंवा कॉल आला आणि कार्ड हरवले. म्हणून मी चाचांना तत्क्षणी रिसीव्हर उचलून ठेवायला सांगितले. उचलल्याची, ठेवल्याची, दोन्ही नोंदी लगोलग आल्या. कार्डे पोचत होती. कॉलच येत नव्हता. त्यानंतर चाचांनी बाहेर एक फोन केला, आणि मी लगेच पुन्हा लावला तर घंटा खणखणीत वाजली.

यातच उत्तर होते. आतून काही बाहेर गेले की राउटर परतीच्या टपालासाठी एक खिडकी उघडी ठेवतो, आणि बराच वेळ ये-जा झाली नाही तर लावून घेतो. ही खिडकी निदान 2 मिनिटे तरी उघडी असावी असे 2007 च्या नियमपत्रात म्हटले आहे. काही राउटर तितकाही धीर धरत नाहीत. आमची डबी केंद्राकडे तासातून एकदाच नाव नोंदवत होती. सकाळी फोनची वर्दळ असते, खिडकी उघडी राहते. दुपारी सामसूम, खिडकी बंद. उचलला तर टेलिफोन चालू, बाहेरून मात्र मुका. डबीला दर 20 सेकंदांनी एक रिकामी पुडी बाहेर टाकायला सांगितले. खर्च काही नाही.

त्या मार्चमधल्या दुपारची नोंद आमच्यापाशी नाही, आणि ती कधी मिळणारही नाही. पण दुरुस्तीपूर्वीच्या सहा दुपारच्या नोंदी मी छापून घेतल्या. माझ्या चाचणीखेरीज एकाही दुपारी रिसीव्हर जागेवरून हललेला नव्हता. तो कागद घेऊन मी चाचांकडे गेलो व माफी मागितली. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "सर, हे त्या अम्मींनाही दाखवा." मी रविवारी अडावदला जाऊन दाखवला.

आणखी एक सांगतो. या नोंदींत कोणी कोणाला फोन केला ते क्रमांक उघड अक्षरांत असतात. आपल्या घरांचे क्रमांक असे वहीत पडून राहू नयेत म्हणून काम होताच डबीची पायरी खाली आणली आणि जुन्या नोंदी पुसल्या. अशा नोंदी आपल्या इमारतीबाहेर, इंटरनेटवरून, कधी पाठवू नयेत. ज्या विद्यार्थ्यांना हे सारे स्वतः करून पाहायचे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. किल्ली चाचांकडे आहे.