बिझनेस अ‍ॅनालिस्ट : एका पेशाची ओळख
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



आमच्याकडे पदवीधर मुले येतात आणि विचारतात, ‘सर, प्रोग्रॅमिंग जमत नाही, मग संगणकाच्या क्षेत्रात आमचे काय?’ त्यांना आम्ही बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या कामाची माहिती देतो. एखाद्या कचेरीचे काम प्रत्यक्षात कसे चालते, कुठे अडते, नव्या व्यवस्थेत काय हवे, हे विचारून घेऊन प्रोग्रॅमरला कळेल असे लिहून काढणारा हा माणूस. नाव नवे आहे, काम मात्र जुने आहे.

लंडनमध्ये जे. लायन्स नावाची कंपनी होती. धंदा चहाच्या दुकानांचा आणि केक-पावाचा. या कंपनीने ‘लिओ’ नावाचा संगणक स्वतःच बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीचे हिशेब सुरू केले. चहावाल्यांनी संगणक बांधावा, याचे आम्हाला अजून नवल वाटते! पण कारकुनी कामाचा अभ्यास करणारा विभाग त्यांच्याकडे १९३० च्या दशकापासूनच होता, आणि लिओची कामे आखणारे डेव्हिड कॅमिनर त्याच विभागातले.

दुकानांच्या व्यवस्थापिकांना रोज दुसऱ्या दिवशीच्या मालाच्या याद्या भराव्या लागत. एखाद्या वाराची मागणी दर आठवड्याला बहुतांशी तीच असते, मग ती पुनःपुन्हा का लिहायची? १९५४ मध्ये प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी लिओसाठी नोंदवून ठेवण्यात आली. कचेरीतून दुकानात फोन जाई, व्यवस्थापिका फक्त बदल सांगे आणि फोनवरची मुलगी ऐकता ऐकता पंच कार्डावर तो उमटवी. यात यंत्राची करामत थोडी. दुकानातल्या बाईचे काम कोणीतरी नीट पाहिले होते, हे मोठे.

पुढे या कामाला ‘सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट’ हे नाव रूढ झाले आणि त्याचा ओढा यंत्राकडे वाढत गेला. धंद्याची बाजू सांभाळणारा वेगळा माणूस लागतो हे हळूहळू पटले. २००३ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे या पेशाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या वरच्या परीक्षेला काही वर्षांचा अनुभव लागतो, नवख्यांसाठी वेगळी परीक्षा आहे. क्लासवाल्यांच्या जाहिराती वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

आता आमचा अनुभव. आम्ही एका बँकेच्या शाखेत खातेवही सांभाळत होतो. संगणक येण्यापूर्वी एक साहेब दोन दिवस येऊन गेले. दोन्ही दिवस मॅनेजरांच्या केबिनमध्ये बसले, काउंटरवर आले नाहीत. संगणक सुरू झाला, पेन्शनचा पहिला आठवडा उजाडला. म्हातारी माणसे रांगेत, पासबुक घरी राहिलेले, खाते क्रमांक पाठ नाही. पूर्वी आम्ही नाव विचारून, चेहरा ओळखून पान उघडत असू. नव्या पडद्यावर नावाने शोधण्याची सोयच नव्हती! एक आजी सकाळपासून दुपारपर्यंत बाकावर बसून होत्या. शेवटी आमच्या शिपायाने जुनी वही काढून त्यांचा क्रमांक शोधून दिला. त्या शिपायाला आधी कोणी विचारले असते, तर प्रोग्रॅममध्ये फारशी भर घालावी लागली नसती.

म्हणून मित्रांनो, आपल्या घरांतून कोणी पोस्टात, कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत आयुष्य घालवले, ते या पेशात भांडवल आहे. इंग्रजी लिहिता आले पाहिजे, यात सवलत नाही. हिशेबाची पत्रके वाचता आली पाहिजेत. पण शिपायाशी बरोबरीने बोलणे आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घेणे कोणत्या क्लासात शिकवतात?

पुढच्या रविवारी येताना एक काम करून या. जवळच्या रेशन दुकानात दोन तास उभे राहा. कार्ड पुढे केल्यापासून धान्य पिशवीत पडेपर्यंत काय काय घडते, अंगठा जुळला नाही तर दुकानदार काय करतो, सारे क्रमाने लिहून आणा. कागद आम्ही तपासू.