सिस्टर आपली, तरी गुपित तुमचं

आम्ही उपकेंद्रातल्या सिस्टर. तुम्ही ताई म्हणता, चहाला थांबवता, बरं वाटतं. पण एखादी सासू हळूच विचारते, "सुनेनं तांबी बसवली का हो?" आम्ही सांगत नाही. त्यांना राग येतो. पण आमच्याकडून गुपित फुटलं, तर ती सून पुढचं दुखणं अंगावर काढेल, दवाखान्याची पायरी चढणार नाही.

बाळंतपणानंतर साडी, पैसेही देऊ नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे. साडी देणारी आणि न देणारी, आम्हाला दोघी सारख्याच.

आम्ही नाही म्हटलं, तर परकं समजू नका. उद्या तुमचंही गुपित आम्ही असंच जपू.