रिपोर्ट नॉर्मल आला, पुढे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला यायचे, वाण घ्यायचे आणि घरी जायचे, एवढाच आजवर माझा मंडळाशी संबंध. पण मागच्या बैठकीला सगळ्याजणी सतरंज्या घालत होत्या आणि मी भिंतीला टेकून बसले होते. तेव्हा कोणीतरी हळूच म्हणाले, "हिला नेहमीच काहीतरी होत असतं." ते मला ऐकू आले. मी रागावले नाही. कारण तेच वाक्य मी स्वतःला किती तरी वेळा ऐकवले आहे. म्हणून चिटणीसबाईंना सांगितले, की यंदा मला थोडा वेळ द्या. मला काय होते ते मी एकदाच सगळ्यांना सांगते.

मला थायरॉईडचा विकार आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते, ती माझी मंद चालते. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास सुरुवात झाली. सगळ्यांना पंखा लागायचा आणि मी पदर गुंडाळून बसायची. सकाळी तोंड सुजलेले, बांगड्या हाताला घट्ट, आवाज घोगरा. फणी फिरवली की केसांचा पुंजका हातात यायचा. पाळीला अंगावरून फार जायचे. जेवण अर्ध्यावर आले होते, तरी वजन मात्र वाढत होते. शेजारी कांड्या भरायला जायची, तिथे बसल्याजागी डुलकी लागायची. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी आम्हाला असलं काही व्हायचं नाही." मलाही वाटे, आपणच आळशी झालो.

एकदा दूध गॅसवर ठेवून मी ओट्यापाशीच झोपले. पातेले करपून काळे झाले. त्या दिवशी आमचे हे मला इचलकरंजीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासले. टी.एस.एच. नावाचा आकडा साधारण चारच्या आत हवा, तो माझा ४८ आला.

हा आकडा काय असतो, ते मला पुष्कळ दिवस कळले नव्हते. आमचे हे मागाच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणून मी ते माझ्यापुरते असे समजून घेतले आहे. मेंदूच्या खाली एक दुसरी ग्रंथी असते, ती दिवाणजी. गळ्यातली ग्रंथी कामगार. कामगार मंद झाला, की दिवाणजी ओरडायला लागतो. टी.एस.एच. म्हणजे त्या दिवाणजीचे ओरडणे. गोळी चालू केली की कामगाराचे काम गोळी करते आणि दिवाणजी गप्प होतो. मग रिपोर्ट नॉर्मल येतो. पण भगिनींनो, दिवाणजी गप्प झाला म्हणजे कापड चांगलेच निघाले, असे दर वेळी होत नाही. माझे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवतीच आहे.

गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत सूज गेली, आवाज सुटला, थंडी कमी झाली. मग मात्र गाडी तिथेच थांबली. आकडा कधी वर, कधी खाली. त्यात माझी चूक होती. मी गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत होते, आणि दवाखान्यातून दिलेली लोहाची गोळी त्याच घोटात. ही गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने, तासाने घेतला तर उत्तमच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या. नाहीतर गोळी पोटात जाते, पण अंगी लागत नाही. हे मला वर्षाने कळले. चूक सुधारली आणि आकडा २.६ वर येऊन बसला.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे. आता तुम्हाला काही नाही. मन कशात तरी गुंतवा." आमच्या ह्यांनी तो कागद देवघराच्या फळीवर ठेवला आणि घरात पेढे आणले. मी पेढा खाल्ला. पण जिना चढताना पाय तसेच जड, डोक्यात तसेच धुके. बाजारात गेले की काय आणायला आले तेच आठवायचे नाही.

पूर्वी मी आजारी होते. आता मी खोटी झाले. दिवाळीच्या चकल्या करताना मी सोऱ्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकले, तेव्हा जाऊबाईंच्या देखत सासूबाई म्हणाल्या, "रिपोर्ट तर चांगला आलाय की!" त्यांचेही काय चुकले? कागद त्यांनीही पाहिला होता. रात्री मी अंथरुणात पडून विचार केला, की कागद खोटे बोलत नाही, म्हणजे मीच खोटे बोलते.

त्यानंतर मी जे केले, ते सांगायला मला लाज वाटते. पण तुमच्यापैकी कोणी करू नये म्हणून सांगते. एका गोळीने थोडे बरे वाटले, तर दोन गोळ्यांनी पूर्ण बरे वाटेल, असा हिशोब मी केला आणि कोणाला न सांगता रोज दोन गोळ्या घेऊ लागले. पहिले काही दिवस हुशारी वाटली. मग हात थरथरू लागले, झोप उडाली, आणि एका रात्री छाती अशी धडधडू लागली, की शेजारच्या मागांचा खडखडाट माझ्याच अंगात चालला आहे असे वाटले. माझी थोरली मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेते. तिने पाकीट मोजले. ती ओरडली नाही, रडली. जास्तीच्या गोळीने हृदयाचे ठोके बिघडतात आणि फार दिवस घेतली तर हाडेही ठिसूळ होतात, हे तिने मला त्या रात्री सांगितले.

मग ती मला कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आधी ते चांगलेच रागावले. मग त्यांनी असे प्रश्न विचारले, जे आजवर कोणी विचारले नव्हते. पाळीला किती दिवस जाते? झोपेत घोरता का? जेवणात काय असते? मन उदास असते का? रक्त पुन्हा तपासले. हिमोग्लोबिन ८.६ निघाले आणि बी-१२ जीवनसत्त्व फार कमी. म्हणजे थायरॉईडच्या मागे आणखी दोन चोर लपले होते आणि आम्ही सगळे एकाच चोराला धरून बसलो होतो. लोह, बी-१२ ची इंजेक्शने आणि पाळीवर औषध झाले. सहा महिन्यांत मला पुष्कळ बरे वाटू लागले.

पुष्कळ म्हटले, सगळे नाही. थकवा थोडा उरलाच. तो का, म्हणून मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "आकडा नीट येऊनही शंभरातल्या पाच ते दहा जणांना त्रास उरतो. कारण सगळ्यांचे एकच नसते. काहींचे आम्हालाही नक्की सांगता येत नाही. पण तो त्रास खरा असतो." भगिनींनो, "खरा असतो" हे दोन शब्द ऐकले आणि मी तिथेच डोळ्याला पदर लावला. औषधाने जे झाले नव्हते, ते त्या दोन शब्दांनी झाले.

मी एक आणखी विचारले, की दुसऱ्या प्रकारची गोळी जोडीला देतात, ती घेऊ का? ते म्हणाले, त्यावर अनेक वर्षे प्रयोग झाले आहेत. सगळ्यांना तिचा फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही, पण काहींना बरे वाटते. ती या रोगाच्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. आधी बाकीची कारणे शोधायची. ते मला पटले.

हा विकार काही आपल्या एकट्यादुकट्याचा नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आपल्या देशातल्या आठ शहरांत, त्यात मुंबई आणि गोवाही होते, शंभरातल्या सुमारे अकरा माणसांची थायरॉईड मंद निघाली, आणि त्यात बायका जास्त. पुष्कळदा शरीराची राखणदारी करणारी शक्तीच चुकून या ग्रंथीवर उलटते. हे १९१२ साली हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी पाहिलेल्या रोगाचे रूप. मीठ आयोडीनचे वापरावे, कारण आयोडीन कमी पडले तर गलगंड होतो; त्यासाठी सरकारने १९६२ साली देशभर कार्यक्रम सुरू केला. पण माझ्यासारख्या विकारात जास्त आयोडीन खाऊन काही मिळत नाही.

मुलीने एक गोष्ट वाचून दाखवली, ती मला फार आवडली. १८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसल गावी मरे नावाच्या डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क दिला. तोवर या रोगावर उपाय नव्हता. ती बाई पुढे २८ वर्षे तो अर्क घेत जगली आणि ७४ व्या वर्षी वारली. आपल्याला मात्र सहज मिळणारी एक लहानशी गोळी पुरते. म्हणून मी गोळीला शिव्या देत नाही. तिने जेवढे दिले, तेवढे मोठेच आहे.

आता मी कशी राहते, ते सांगते. गोळी रोज सहाला, चहा सातला. आणि नवल असे, की हा नियम आता सासूबाई पाळतात. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवतात आणि सातच्या आत चहाचे भांडे मला हात लावू देत नाहीत. दिवाणजीची गोष्ट मी आमच्या ह्यांना सांगितली, तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग माग हळू चालवायचा, तुटवायचा नाही." तेव्हापासून पाणी ते भरतात. जड कामे मी सकाळी उरकते, दुपारी अर्धा तास आडवी होते, संध्याकाळी चालते. एका वहीत झोप, पाळी, थकवा लिहिते आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही नेते. मात्रा बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासते, एरवी वर्षातून निदान एकदा.

ज्यांना हा विकार आहे, त्यांनी चार गोष्टी पदरात बांधून ठेवाव्यात. गोळी आपल्या मनाने वाढवू नका, बंद करू नका. दिवस राहिले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा, कारण मात्रा वाढवावी लागते, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ तिच्यावर असते. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस थांबवा, नाहीतर रिपोर्ट चुकतो. आणि "थायरॉईड मुळातून घालवतो" म्हणून कोणी चूर्ण विकायला आला, तर त्याला दारातूनच नमस्कार करा.

आणि ज्यांच्या घरात अशी बाई आहे, त्यांना एवढेच म्हणणे, की कागद नॉर्मल आला तर आनंद माना, पण मग तिलाही विचारा, "तुला कसं वाटतंय?"

पुढच्या बैठकीला मी सतरंज्या घालीन की नाही, ते त्या दिवशीच सांगता येईल. नाही घातल्या, तर वर्गणीच्या हिशोबाची वही माझ्याकडे द्या. बसून करायचे काम मी चोख करते.