तुमची पोरगी देशाकडून खेळेल, असं कुणी सांगितलं तर

मागच्या दोन वेळा आपण व्याजाचा हिशेब आणि शेळ्यांचा विमा यावर बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज फुटबॉल आहे. पण गोष्ट पैशाचीच आहे, आणि आपल्या लेकींची.

आमच्या एका गटात कर्जाचा अर्ज आला. रक्कम ४५,००० रुपये. कारण लिहिलं होतं, मुलीची फुटबॉल अकॅडमी. मुलगी बारा वर्षांची, शाळेच्या संघात सगळ्यात उंच, पळण्यात सगळ्यांच्या पुढे. अकॅडमीच्या कोचने आईला सांगितलं होतं, "वहिनी, दोन वर्षांत पोरगी भारताच्या ज्युनिअर संघात. लिहून देतो." गटात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, आपण चूल आणि धुणं यातच राहिलो, पोरीला तरी जाऊ द्या. काही म्हणाल्या, हप्ता कोण फेडणार? आम्ही एक आठवडा मागून घेतला. आसपासच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना विचारलं, मिळेल ते वाचलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीकडे बघून ती देशाच्या संघात जाईल की नाही, हे खरंच कुणाला सांगता येतं का, एवढाच आमचा प्रश्न होता.

आधी वयाचं बघू. अंगणवाडीच्या ताई बाळाचं वजन तक्त्यावर मांडतात तेव्हा वय वर्षांत धरत नाहीत, महिन्यांत धरतात. अकरा महिन्यांच्या बाळाला एका महिन्याच्या बाळाशेजारी ठेवून "हे अशक्त आहे" असं कुणी म्हणत नाही. मैदानावर मात्र नेमकं तेच होतं. २०२२ साली मुलींचा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप आपल्या देशात झाला. त्यात खेळायला १ जानेवारी २००५ नंतरचा जन्म हवा होता. म्हणजे २००५ च्या जानेवारीतली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातली मुलगी कागदावर एकाच वयाच्या. सतराव्या वर्षी अकरा महिन्यांनी फार बिघडत नाही. पण चाळणी लागते बाराव्या-तेराव्या वर्षी, आणि तेव्हा अकरा महिने म्हणजे वीतभर उंचीचा फरक असू शकतो.

हे पहिल्यांदा नीट मोजलं कॅनडात, रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, १९८० नंतरच्या काळात. तो खेळ बर्फावरच्या हॉकीचा होता. सामना बघताना त्यांच्या बायकोने हातातल्या पत्रकावर खेळाडूंच्या जन्मतारखा वाचल्या, तर बहुतेक पोरं जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमधली. पाहिलं बाईने, नाव झालं नवऱ्याचं. असो. पुढे युरोपातल्या फुटबॉलमध्येही हेच सापडलं, देशोदेशींच्या ज्युनिअर संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी. बेल्जियमचं उदाहरण आम्हाला सगळ्यात पटलं. तिथे आधी वयाची मोजणी १ ऑगस्टपासून व्हायची, तेव्हा निवडलेल्यांत ऑगस्टपासून पुढच्या महिन्यांतली पोरं जास्त. १९९७ च्या सुमारास मोजणी १ जानेवारीपासून सुरू झाली, आणि लगेच जानेवारीपासूनची पोरं हुशार निघू लागली! पोरं तीच, मैदानं तीच. कॅलेंडरची रेघ सरकली.

यात आणखी एक मेख आहे. ज्याला निवडलं त्याला चांगला कोच मिळतो, बूट मिळतात, अंडी-दूध मिळतं, जास्त सामने मिळतात. दोन-तीन वर्षांनी तो खरोखरच पुढे गेलेला असतो. मग निवडणारा म्हणतो, "बघा, मी ओळखलं होतं की नाही?" ज्या रोपाला पाणी घातलं ते वाढलं, यात ओळखायचं ते काय?

इंग्लंडचा हॅरी केन जुलैमधला. तिथे वय १ सप्टेंबरपासून मोजतात, म्हणजे तो आपल्या गटात जवळजवळ सगळ्यात लहान. आर्सेनल या मोठ्या क्लबने त्याला आठ-नऊ वर्षांचा असतानाच घरी पाठवलं. पुढे तोच इंग्लंडचा कर्णधार झाला आणि २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये सगळ्यात जास्त, म्हणजे ६ गोल त्याचेच.

आपल्या देशातलं बघा. २०१७ मध्ये मुलांचा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला. संघात २१ मुलं होती, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. मणिपूरच्या जॅक्सन सिंगला सुरुवातीला घेतलंच नव्हतं. मग कोच बदलले. जॅक्सन ज्या अकॅडमीत होता तिच्या संघाने सरावाच्या सामन्यात भारताच्या या संघाला हरवलं, तेव्हा कुठे त्याच्याकडे लक्ष गेलं. त्याची आई इम्फाळच्या बाजारात भाजी विकायची. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत, कोलंबियाविरुद्ध, फुटबॉलच्या वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल झाला, तो त्याच्या डोक्याने. सामना आपण २-१ ने हरलो, पण गोल राहिला. पुढे तो मोठ्या संघातही खेळू लागला. त्या २१ पैकी मोठ्या संघात जागा टिकवणारे मात्र मोजकेच. अन्वर अली नावाच्या खेळाडूला तर २०१९ मध्ये हृदयाचा आजार निघाला, खेळणं थांबवावं लागलं. तो भांडून परत आला आणि २०२२ मध्ये भारताच्या मोठ्या संघाकडून खेळला. यातलं काय कुणी आधी लिहून देऊ शकलं असतं?

आता मुलींकडे येऊ, कारण मुलींचं गणित वेगळं आहे. जन्ममहिन्याचा परिणाम मुलींत सहसा मुलांपेक्षा कमी दिसतो. पण मुली लवकर वाढतात. अकराव्या-बाराव्या वर्षी जी सगळ्यात उंच, तिची वाढ कदाचित संपत आलेली असते, आणि जी आज बारकी दिसते तिची अजून सुरू व्हायची असते. पाळी आली, अंग भरलं की काही मुलींचा वेग थोडे दिवस कमी होतो. गुडघ्याच्या दुखापती मुलींना मुलांपेक्षा जास्त होतात. याच वयात घरचे म्हणतात, "आता पुरे झालं, लोक काय म्हणतील." निवड समिती पुढे कधीतरी बसते. पहिली चाळणी आपल्याच ओसरीवर लागते.

आणि रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या दर १० मुलींपैकी जवळपास ६ जणींचं रक्त कमी निघालं. शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीच्या निवड चाचण्यांत उंची, वजन, ३० मीटर आणि ८०० मीटर धावणं, उड्या, मेडिसिन बॉल फेकणं असं असतं. रक्त कमी असलेली मुलगी ८०० मीटरला शेवटच्या फेरीत मागे पडते. बघणारा लिहितो, दम नाही. दम आहे, लोह नाही. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला निळी गोळी मिळते. "मळमळतं" म्हणून ती खिडकीतून बाहेर जाते, हेही आम्हाला माहीत आहे. रिकाम्या पोटी देऊ नका, जेवणानंतर द्या, आणि वर लगेच चहा नको.

२०२२ च्या त्या मुलींच्या संघात २१ पैकी ६ जणी एकट्या झारखंडच्या होत्या. कर्णधार अस्तम उरांव गुमला जिल्ह्यातली. ती वर्ल्डकप खेळायला निघाली तेव्हा तिच्या गावात रस्ता होत होता आणि तिचे आईवडील त्याच रस्त्यावर मजुरी करत होते, २५० रुपये रोजाने. महाराष्ट्रातून पुण्याची काजोल डिसूझा होती. भुवनेश्वरला आपण तिन्ही सामने हरलो, अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. तरी आम्हाला त्या सहा जणींचंच नवल वाटलं. झारखंडच्या मातीत काही निराळं आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. जिथे मुली रोज खेळतात, राहायला वसतिगृह आहे, शिकवणारं आणि बघणारं माणूस आहे, तिथल्या मुली दिसतात. बाकीच्या दिसत नाहीत, एवढंच.

मग काहीच कळत नाही का? थोडं कळतं. जाणकार कोच उंचीपेक्षा हे बघतात की चेंडू पायाशी येण्याआधी मुलगी मान वळवून आजूबाजूला बघते का. सांगितलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात खेळात दिसते का. हरल्यावर तिसऱ्या दिवशी मैदानावर येते का. इंग्लंडमध्ये २०१५ पासून काही क्लबांनी मुलांना वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून खेळवून पाहिलं, म्हणजे थोराड पोराला नुसत्या ताकदीवर जिंकता येत नाही आणि बारक्यालाही संधी मिळते. पण हे सगळं बघूनही दोन वर्षांत भारताच्या संघात, असं छातीठोक कुणालाच सांगता येत नाही. जो लिहून देतो म्हणतो, त्याच्याकडून वेगळंच काही लिहून घ्यावं.

आमच्या गटाने तेच केलं. कोचला विचारलं: फीमध्ये काय काय येतं, वर्षात सामने किती, मुलींसाठी शौचालय आणि राहायची सोय काय, सोबत बाई प्रशिक्षक आहे का, मुलगी मध्येच सोडून आली तर किती पैसे परत, आणि मागच्या तीन वर्षांत तुमच्याकडच्या किती मुली राज्याच्या संघात गेल्या. हे कागदावर द्या म्हटलं. कागद आलाच नाही. गटाने मग ४५,००० नाही, ६,००० रुपये दिले, बूट आणि एसटीच्या पासासाठी. मुलगी शाळेच्या सरांकडेच खेळते. आई थोडी नाराज आहे, ते खोटं कशाला सांगा. पण तिच्यावर हप्त्याचं ओझं नाही, आणि उद्या पोरीची निवड नाही झाली तर घरात "तुझ्यापायी कर्ज झालं" हे तिला कुणी ऐकवणार नाही. बारा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर कर्ज ठेवायचं नाही, यावर शेवटी दोन्ही तट एक झाले.

राहिलं एक काम, ते आत्ताच करण्यासारखं. आमच्या आधीच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेला! वयोगटातल्या स्पर्धेला असला अंदाज चालत नाही, जन्माचा दाखला लागतो, आणि दाखला आणि आधार यांवर वेगळी तारीख असली की मुलगी दारातच अडते. जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, चकरा वाढतात. ज्यांच्या मुली दहा-बारा वर्षांच्या आहेत त्यांनी या आठवड्यात दाखला, आधार आणि शाळेचा निर्गम उतारा शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळतात का बघा. जुळत नसतील तर तिन्हींच्या प्रती घेऊन गटाच्या बैठकीला या. ग्रामपंचायतीत कुठला अर्ज द्यायचा ते तिथे बसून लिहू.