पावसाची साक्ष आणि मनाची साक्ष



पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय : 'निसर्ग, सदसद्विवेकबुद्धी आणि ईश्वराची ओळख : ख्रिस्ती विचार'. घाबरू नका. मी कुणाचा धर्म बदलायला आलेलो नाही. घरच्यांना माझी चहाची सवयसुद्धा बदलता आलेली नाही. (हशा)

ख्रिस्ती माणूस मानतो की देवाने स्वतःची खास ओळख शास्त्रातून आणि येशू ख्रिस्तातून दिली. पण थोडी ओळख सगळ्यांनाच दिली, ज्यांनी बायबल पाहिलंही नाही त्यांनाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल दोन साक्षीदार उभे करतो. पहिली सृष्टी : तिच्याकडे पाहून कर्त्याचं सामर्थ्य कळतं. दुसरं आपलं मन : ज्यांना नियमशास्त्र मिळालं नाही, त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेलं आहे. यावर लिहिणारे अक्विनस, कॅल्विन हे धर्मपंडित तुम्हाला ठाऊकच आहेत, त्यांना ओलांडून पुढे जातो.

माझं म्हणणं एकच, आणि बोलावतील तिथे मी तेच बोलतो. यातल्या पहिल्या साक्षीदाराचं आपण नको तेवढं कौतुक करतो. देव फुलापानांत दिसतो म्हणणारी माणसं बहुधा पावसाच्या मुलखातली. रेव्हरंड टिळक घ्या, फुलामुलांचे कवी. जन्म 1861, गाव करजगाव, जिल्हा रत्नागिरी. पुढे ते नगरला राहिले, हे मान्य. पण डोळे कोकणातूनच नेले होते! (हशा)

आता तुमचं गाव, इनामगाव. 1968 ते 1983 डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही नावं तुम्हाला माझ्यापेक्षा जवळची. तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांनी तिथे कुदळही मारली असेल. इ.स.पू. 1600च्या सुमारास घोड नदीकाठी वस्ती झाली. पुढे पाट खणला, धान्याचं कोठार बांधलं. लुस्त्र नावाच्या गावी लोक पौलाला देव समजून बैल बळी द्यायला निघाले, तेव्हा तो म्हणाला होता की देवाने पाऊस आणि पिकं देऊन आपली साक्ष ठेवलीच आहे. ठीक. पण इ.स.पू. 1000नंतर हवामान कोरडं होत गेलं, असं ढवळीकर मांडतात. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, आणि 700च्या सुमारास गाव उठलं. साक्षीदार फितूर झाला की हो!

दुसरा साक्षीदार जमिनीखाली सापडला. मेलेलं लेकरू दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घरातच पुरलेलं. त्याला गावाबाहेर टाकवलं नाही. हे कोणत्या पोथीने सांगितलं? पुरातत्त्ववाले म्हणतील, मडक्यातून मन कसं वाचलंत? रास्त आहे. त्याच घरांत मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडलेली दिसतात. मेलेल्याने उठून चालू नये म्हणून, असा एक अर्थ लावतात. म्हणजे माया आणि भीती एकाच जमिनीखाली.

इथून भीमा ओलांडली की दौंड तालुक्यातलं केडगाव, पंडिता रमाबाईंची कर्मभूमी. बाईंवर दोनच वाक्यं बोलायची ठरवून आलो होतो. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, मागोमाग थोरली बहीणही. पावसाने बाईंना देवाची कोणती ओळख दिली असेल? 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन म्हणत, चर्चचं ऐक. बाईंनी पत्रातून कळवलं की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, देवानेच दिली आहे, ती मी कुणा धर्मगुरूच्या हवाली करणार नाही. पंचविशीतली विधवा, पदरात लहान मुलगी, आणि हे उत्तर! त्रैक्यावर वाद, ख्रिस्ताच्या जन्मावर वाद. पुढे 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुलीबाळींना त्यांनी आणलं, आणि केडगावचं मुक्तिसदन उभं राहिलं. आभाळ गप्प होतं, तेव्हा बाईंचं मन बोलत होतं…

चिठ्ठी आली. 'दोन मिनिटं'. बरं, निसर्गातून देव कळतो का या वादात 1934मध्ये कार्ल बार्थ या धर्मपंडिताने ब्रुनर या दुसऱ्या धर्मपंडिताला उत्तर म्हणून 'नाही!' अशा नावाची पुस्तिकाच लिहिली, ती राहिली.

पुढच्या रांगेतले गुरुजी मघापासून हात वर करून आहेत. प्रश्न ओळखतो : मन चुकतं त्याचं काय? चुकतं. पावलं तोडणाऱ्यांनाही ते योग्यच वाटलं असणार. म्हणून तर ख्रिस्ती माणूस या दोन साक्षींवर न थांबता शास्त्राकडे जातो. पण फितूर व्हायचा धोका असला तरी मी मनालाच आधी बोलावीन; कारण पाऊस मला माझी चूक दाखवत नाही.

आता चिंचणीचं धरण आहे, ऊस आहे. तुम्हालाही निसर्गात देव दिसायला हरकत नाही. (हशा) फक्त रात्री दारं धरताना, शेजाऱ्याची पाळी असताना, पाणी आपल्याकडे वळवायला हात गेला आणि थांबला, तर तो कुणी थांबवला? पौलाचं उत्तर मी सांगितलं. तुमचं वेगळं असेल, तर पुढच्या वर्षी इथे तुम्ही बोला; मी ऐकायला येतो.