कामात मन का रमत नाही?

मनुष्य पोटासाठी राबतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु तो केवळ पोटासाठीच राबतो असे धरून चालले की कारखान्यातील व कचेरीतील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होत नाही. पगार वेळेवर मिळतो, सुट्ट्याही ठरलेल्या असतात, तरी डोळे घड्याळाकडे लागलेले असतात. किरकोळ दुखण्याच्या रजा वाढतात. माल बिघडला तर त्याचे कोणास वाईट वाटत नाही, आणि वरिष्ठांची पाठ वळताच कुजबुज सुरू होते. ही असमाधानाची लक्षणे होत. या लक्षणांवर दंडाचा किंवा बक्षिसाचा लेप लावण्याची रीत जुनी आहे. पण मूळ रोग कोणता हे पाहिल्यावाचून लेपाचा उपयोग होत नाही. या दृष्टीने अहमदाबादच्या कापडगिरण्यांचा इतिहास फार बोधप्रद आहे.

असमाधानाचे पहिले कारण अर्थातच अपुरी मजुरी आणि अपुरी विश्रांती. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, तोपर्यंत हक्काची साप्ताहिक सुटी त्यांना माहीत नव्हती. अहमदाबादेत १९१७ च्या प्लेगच्या साथीत कामगारांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून मालकांनी त्यांना जादा भत्ता दिला होता. साथ ओसरल्यावर तो बंद झाला. महागाई मात्र ओसरली नाही. त्यातून १९१८ चा लढा उभा राहिला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली; मालक २० टक्क्यांच्या पुढे जाईनात. मालकांच्या बाजूस अंबालाल साराभाई होते, तर कामगारांच्या बाजूस त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. गांधीजींच्या उपोषणानंतर प्रकरण लवादाकडे गेले आणि आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. १९२० साली तेथे मजूर महाजन ही संघटना स्थापन झाली. ज्याचे पोट भरत नाही त्याला कामातील आनंदाचा उपदेश करणे ही त्याची थट्टाच आहे, हा या लढ्याचा पहिला धडा.

परंतु मजुरी ठरली म्हणजे सर्व प्रश्न मिटतात काय? याचे उत्तर त्याच शहरात, साराभाई घराण्याच्याच कॅलिको गिरणीत, पुढे पस्तीस वर्षांनी मिळाले. तेथे स्वयंचलित माग बसविण्यात आले होते. यंत्रे नवी, कारागीर अनुभवी, आणि तरीही अपेक्षेइतके कापड निघेना. खराब कापडाचे प्रमाणही कमी होईना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस हे मागखात्याची पाहणी करण्यास आले. त्यांना दिसलेले चित्र असे होते : माग २२४, माणसे २९ आणि कामाचे प्रकार १२. एकाने तुटलेली तार सांधावयाची, दुसऱ्याने मागावर कांड्या भरावयाच्या, तिसऱ्याने नवी बीम चढवावयाची, चौथ्याने विणलेले कापड उचलून न्यावयाचे. शिवाय तेल देणारा निराळा आणि झाडणारा निराळा. प्रत्येकाच्या वाट्याचे माग सारख्या संख्येचे नव्हते. त्यामुळे कांड्या भरणाऱ्या एकाच माणसास अनेक विणकरांच्या हाका येत आणि आपण नेमके कोणाचे सोबती हे त्याला उमगत नसे. माग बंद पडला तर दोष दुसऱ्याचा, हे सांगण्याची सोय प्रत्येकाला होती; हे कापड आमचे, असे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

यावर योजलेला उपाय साधा होता. मागांचे ठरावीक गट करावे, प्रत्येक गट एका लहानशा तुकडीच्या स्वाधीन करावा आणि त्या मागांवरील बहुतेक सर्व कामे तुकडीने आपसांत वाटून घ्यावी. विशेष असे की, ही कल्पना कानी पडताच कामगारांनी व त्यांच्या जॉबरांनी ती स्वतःच उचलून धरली आणि कोणी कोणाबरोबर काम करावयाचे हेही त्यांनीच ठरविले. घडी बसण्यास काही काळ लागला. पण नंतर कापडाचे उत्पादन वाढले आणि खराबा घटला. माणसे तीच होती आणि मागही तेच होते. कामाची मांडणी तेवढी बदलली होती. राइस यांनी हा सर्व वृत्तान्त १९५८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

यावरून असमाधानाचे दुसरे कारण स्पष्ट होते. कामाचे तुकडे करता करता माणसाचाही तुकडा होतो. शिक्का मारणाऱ्या कारकुनास अर्ज कोठून आला व पुढे त्याचे काय झाले हे कधीच कळत नसेल, तर त्याच्याकडून आस्थेची अपेक्षा कशी करावी? त्याच्या हाती पूर्ण काम द्यावे, निदान त्या कामाचा शेवट तरी त्याला दिसू द्यावा. काम कसे करावे हे ठरविताना ते करणाऱ्याचा शब्द ऐकावा. सोबती लहान संख्येचे व ओळखीचे असावेत. चुकीचा दंड जितक्या तत्परतेने होतो, तितक्याच तत्परतेने चांगल्या कामाची दखलही घ्यावी. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा थोडाच लागतो. वरिष्ठांना आपला थोडा अधिकार मात्र सोडावा लागतो, आणि अडचण बहुधा तेथेच येते.

हा उपाय म्हणजे रामबाण मात्र नव्हे. १९७० साली एरिक मिलर यांनी त्याच गिरणीची पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका मागखात्यात ही पद्धत टिकून असलेली आढळली. इतरत्र ती विरत गेली होती. आज तर ती गिरणीच चालू नाही. चांगली व्यवस्थाही रोजच्या रोज जपावी लागते. वरून दबाव वाढला की अधिकारी पुन्हा हुकूम सोडू लागतात आणि तुकडीचा आपलेपणा आटतो. शिवाय वाढलेल्या उत्पादनाचा लाभ कामगारापर्यंत पोहोचला नाही, तर ‘समाधान’ हा शब्द अधिक काम काढून घेण्याची युक्ती ठरतो, आणि कामगाराला ती ओळखावयास वेळ लागत नाही.

तेव्हा पुरेशी मजुरी व विश्रांती हा पाया होय. त्यावर उभी करावयाची इमारत म्हणजे हातचे काम आपले वाटण्याजोगी व्यवस्था. पाया नसेल तर इमारत ढासळते; आणि नुसताच पाया घालून ठेवला, तर त्यावर कोणाला राहता येत नाही. जागेपणीचा मोठा भाग जेथे जातो, त्या ठिकाणी माणसाने नुसते दिवस ढकलावे, हे त्याच्याही हिताचे नाही आणि त्याला कामावर ठेवणाऱ्याच्याही नाही.